तीन महिन्यांची पिशवी

उत्तरायणाचे दोन दिवस बडोद्यात माणसं जमिनीवर नसतातच. गच्ची, पत्रे, पाण्याची टाकी, जिथून पतंगाचा पेच लढवता येईल तिथे सगळे चढलेले. वर बघत मागे सरकताना एखाद्याचा तोल जातो आणि तो कठड्यावर दोन्हीकडे पाय टाकून आदळतो. दोन मिनिटं कळवळतो, मित्र हसतात, तोही हसतो. या माराची वसुली कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी होते. लघवीची धार बारीक होते, जोर करावा लागतो, उठून आल्यावरही थेंब गळत राहतात. तोवर कठडा कुणाच्या लक्षातही नसतो.

पुरुषाची मूत्रनलिका साधारण 18 ते 20 सेंटिमीटर लांब. मूत्राशयाखाली ती प्रोस्टेटमधून जाते, मग स्नायूंच्या पातळ थरातून, मग बैठकीच्या भागात वळण घेऊन लिंगात शिरते. सायकलच्या दांड्यावर बसल्यावर जो भाग दांड्याला टेकतो, त्याला डॉक्टर ‘बल्बर’ म्हणतात. त्याच्या बरोबर वर ओटीपोटाचं पुढचं हाड असतं. खालून कठडा आणि वरून हाड, मधे नलिका चेंगरते. जखम भरते खरी, पण भरताना तिथे चिवट, आखडणारा व्रण तयार होतो आणि आतली वाट आवळत जाते.

हायवेवरच्या अपघाताची गोष्ट वेगळी. ट्रकची धडक बसली किंवा अंगावरून चाक गेलं, की कमरेच्या हाडांचं कडं मोडतं. प्रोस्टेट त्या हाडांना पट्ट्यांनी बांधलेली असते, ती हाडांबरोबर सरकते; खालची बल्बर नलिका जागीच राहते. मधला पातळ तुकडा या ओढाताणीत तुटतो. याला अरुंदपणा म्हणणंसुद्धा तसं चूकच. इथे वाट अरुंद झालेली नसते, तिची दोन टोकं एकमेकांपासून दूर गेलेली असतात आणि मधे रक्ताची गाठ असते.

अशा रुग्णाच्या लिंगाच्या टोकाशी रक्ताचा थेंब दिसला, लघवी होत नसेल आणि ओटीपोट फुगलं असेल, तर पहिल्या तासातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोर लावून कॅथेटर घालणं. अर्धवट फाटलेली नलिका त्या नळीने पुरती तुटू शकते. खालून एक्स-रेत दिसणारं औषध सोडून एक्स-रे काढला की कुठे किती फाटलंय ते कळतं. पुरती तुटलेली असेल तर बेंबीच्या खाली छोटं भोक पाडून नळी थेट मूत्राशयात घालतात. लघवी पिशवीत उतरू लागते, जीव शांत होतो.

आणि मग थांबायचं. साधारण तीन महिने.

नातेवाइकांना हे पटवणं सर्जनला ऑपरेशनपेक्षा अवघड जात असावं. ‘आत तुटलंय म्हणता, तर जोडत का नाही?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्या दिवसांत आत सूज असते, रक्त साकळलेलं असतं आणि मेलेली ऊती कुठे संपते व जिवंत कुठे सुरू होते हे दिसत नाही. ओल्या भिंतीवर रंग देण्यासारखं ते होईल. तीन महिन्यांत रक्त विरघळतं, वर सरकलेलं मूत्राशय पुष्कळसं खाली येतं, व्रण पक्का होतो. दरम्यान मोडलेली हाडंही सांधतात; ऑपरेशनला पाय उंच बांधून झोपावं लागतं, त्यासाठी ती सांधलेली हवीत. एवढ्या दिवसांत पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवायची, पाणी भरपूर प्यायचं, नळी ठरल्या वेळी बदलून घ्यायची. रिक्षात बसताना बरेच जण पिशवी भाजीच्या कापडी पिशवीत घालतात. तसं चालतं, फक्त ती मांडीवर घेऊ नये.

ऑपरेशनच्या आधी पुन्हा एक्स-रे. वरच्या नळीतून मूत्राशयात औषध भरतात, खालूनही सोडतात, आणि मधला काळा राहिलेला भाग म्हणजे नेमकी तुटलेली जागा. चीर अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात घेतात. बल्बर नलिका भोवतालच्या ऊतीतून मोकळी केली की ती रबरासारखी थोडी ताणली जाते. मग सर्जन पोटावरच्या भोकातून एक वाकडी धातूची सळई मूत्राशयात आणि तिथून वरच्या टोकात उतरवतो. खालून बोट घातलं की व्रणापलीकडे सळईची टोच जाणवते. त्या टोचेच्या रोखाने पांढरा, कडक व्रण थोडा थोडा कापत जायचं, सळईचं टोक उघडं पडेपर्यंत आणि कडेला ओली गुलाबी त्वचा दिसेपर्यंत. पांढरं शिल्लक ठेवून जोडलं, तर वाट पुन्हा बंद होते. दोन टोकं ताण न पडता भेटत नसतील, तर लिंगाच्या मुळाशी असलेले दोन दंड वेगळे करून नलिकेला जवळची वाट देतात. तरी कमी पडलं तर पुढच्या हाडाचा खालचा थोडा भाग कोरून काढतात. मग आत कॅथेटर ठेवून भोवती विरघळणारे आठ ते बारा टाके घालतात.

वाट तुटलेली नसून नुसती अरुंद असेल, तर सोपा उपाय सगळ्यांनाच हवा असतो. सुश्रुतसंहितेत तूप लावलेली पोकळ नळी घालून दर तिसऱ्या दिवशी जाड नळी वापरायचा उपाय आहे. आज तेच काम सळया आणि दुर्बिणीतली सुरी करतात. छोट्या, पहिल्याच अरुंदपणाला एकदा करून बघायला हरकत नाही. पण दर सहा महिन्यांनी कापून घेणारे रुग्ण भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. प्रत्येक काप नवा व्रण करतो आणि एक सेंटिमीटरचं दुखणं चार सेंटिमीटरचं होतं.

इतकी लांब अडचण झाली की दोन टोकं जोडता येत नाहीत, ठिगळ लावावं लागतं. ते मिळतं गालाच्या आतून. तिथली त्वचा कायम ओली असते, तिला केस नसतात आणि लघवीची तिला सवय होते. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांनी इटलीच्या ग्विदो बार्बाल्यी यांच्यासोबत 2009 साली मांडलेली पद्धत जगभर शिकवली जाते. नलिका चारही बाजूंनी सोडवायची नाही, एकाच बाजूने उघडायची, म्हणजे दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा तसाच राहतो. एक अडचण मात्र आपल्याकडची खास. गुटखा खाणाऱ्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, गालाची आतली कातडी पांढरी आणि ताठ झालेली असते. अशा वेळी जिभेखालून ठिगळ घ्यायचं, तर तिथली कातडीही कधीकधी खराब निघते.

बडोद्याच्या रुग्णाला मूत्रविकारांसाठी फार लांब जावं लागत नाही. नडियादचं मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल 1978 पासून याच कामाला वाहिलेलं आहे आणि आगगाडीने तासाभरावर आहे. कुठेही गेलात तरी दोन प्रश्न विचारावेत: अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का, आणि लैंगिक ताकदीचं काय होईल. दुसरा प्रश्न लाजेपोटी राहून जातो. अपघातातच तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दुखावलेल्या असू शकतात, म्हणून याची तपासणी आणि बोलणं ऑपरेशनच्या आधी झालेलं बरं.

कॅथेटर तीन-चार आठवडे राहतो. काढण्याआधी त्याच्या कडेने औषध सोडून एक्स-रे घेतात, टाक्यांतून गळत नाही ना ते बघायला. मग एक दिवस रुग्णाला भरल्या पोटी, म्हणजे भरल्या मूत्राशयाने, एका नरसाळ्यापुढे उभं करतात. खाली वजनाचा काटा असतो, बाजूला कागदावर रेघ उमटत जाते. अरुंद वाटेची रेघ थोडी चढून सपाट पसरते, लांबलचक ओट्यासारखी. नीट वाटेची रेघ घंटेसारखी वर जाते, सेकंदाला 15 मिलिलिटरच्या पुढे, आणि उतरते. तो कागद घडी करून खिशात घालून घरी नेणारे लोक असतात.