गच्चीवरची काठी आणि पृथ्वीचा घेर

घर हीच प्रयोगशाळा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण मटकीला मोड येताना पाहिले आणि रोजची वाढ वहीत टिपली. या आठवड्यात गच्चीवर जाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत ‘आता काय करू?’ ही भुणभुण घराघरांत सुरू असते. दर वेळी नवा खेळ हुडकून देण्यापेक्षा मुलांच्या हाती दिवसेंदिवस पुरेल असा एक प्रश्न द्यावा, असं मला मनापासून वाटतं. उदाहरणार्थ, घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य खरंच माथ्यावर असतो का?

साहित्य घरातलंच. रुंद फळीवर मीटरभर उंचीची सरळ काठी खालून खिळा ठोकून उभी करा. दोऱ्याला जड नट बांधला की ओळंबा तयार. काठी सरळ आहे की नाही हे मुलं त्यानेच तपासतील. फळीवर कोरा कागद चिकटवा आणि काठीभोवती 15 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. अकरा ते दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करून वेळ लिहायची. टोक जरा पुसट दिसतं, म्हणून पुसट भागाच्या मधोमध खूण करावी. डोक्यावर टोपी हवी, मधल्या वेळात सावलीत बसावं आणि सूर्याकडे थेट कधीच पाहू नये.

सावली सर्वांत आखूड होते ती खरी माध्यान्ह. मेच्या सुरुवातीला ती मुंबईत 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास होते, तर नागपुरात 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर उशिरा येतो. सावलीचं टोक वर्तुळाला दोनदा शिवतं, एकदा आत येताना आणि एकदा बाहेर जाताना. ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. दिशा साधण्याची ही रीत ‘सूर्यसिद्धान्ता’तही आहे, तिथे काठीला शंकू म्हटलं आहे.

पुढचा टप्पा शून्य सावलीचा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने महाराष्ट्रात वर्षातून दोन दिवस भर माध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुसरा दिवस बहुतेक ठिकाणी पावसाळी ढगांत हरवतो, म्हणून मे महिना सोडू नये. कोल्हापुरात 6 मेच्या सुमारास, पुण्यात 13-14, मुंबईत 15-16 आणि नागपुरात 26 मेच्या आसपास हा योग येतो. दिल्लीत तो कधीच येत नाही. का, हे मुलांनी नकाशा पाहून शोधावं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने याच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला. सायीनमध्ये, म्हणजे आजच्या अस्वानमध्ये, सूर्य माथ्यावर असताना अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला होता. दोन गावांमधलं अंतर पन्नासपट केलं की घेर मिळाला.

आपल्याकडची भावंडं हे फोनवरून करू शकतात. कोल्हापुरात सावली नसते त्या दिवशी नागपूरच्या मामेभावाने माध्यान्हीची सावली मोजावी. मीटरभर काठीची ती साधारण 8 सेंटिमीटर भरते, म्हणजे कोन सुमारे साडेचार अंश. नकाशावर या दोन शहरांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे 495 किलोमीटर येतं. 360 ला कोनाने भागून या अंतराने गुणा. उत्तर 40,000 किलोमीटरच्या जवळपास येईल. दोन-तीन हजारांचा फरक पडला तर काठी कलली होती, वेळ चुकली की खूण पुसट होती, याचा तपास मुलांनाच करू द्या.

आईबाबांनी, आजीआजोबांनी एवढंच करावं : उत्तर आधी सांगू नये. वाट पाहून, मोजून, चुकून जे हाती येतं ते मुलांचं स्वतःचं असतं, आणि अशा मुलांना रिकामा वेळ जड जात नाही.

या आठवड्याचं काम : आपल्या गावाचा अक्षांश नकाशात पाहून शून्य सावलीचा दिवस कोणता असेल याचा अंदाज वहीत लिहा आणि त्या दिवशी पडताळा. पुढील लेखात : घरच्या घरी पर्जन्यमापक.