तिसऱ्यांची शिल्लक

केरळातील अष्टमुडी सरोवराच्या तळाशी वाळूत रुतून राहणाऱ्या तिसऱ्यांना अन्नासाठी भटकावे लागत नाही. नळीवाटे आत घेतलेल्या पाण्यातील सूक्ष्म वनस्पती त्यांच्या कल्ल्यांवर गाळल्या जाऊन मुखाकडे नेल्या जातात. सुबत्तेच्या दिवसांत उरलेले अन्न ग्लायकोजन या प्राणिज पिष्टाच्या रूपाने शरीरात साठते. प्रजननकाळ येताच ही शिल्लक अंडी व शुक्रपेशी घडविण्यात खर्ची पडते. त्या पाण्यात सोडल्यावर तिसरी कृश होते. या काळात काढलेली तिसरी आपल्याबरोबर पुढील पिढीही नेते. म्हणूनच तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढण्यास बंदी घालण्यात आली. २०१४ साली या व्यवसायास शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, त्यामागे हाच संयम होता.