कोयत्यात पोरं मोजत नाहीत

दसरा तोंडावर आलाय. आमच्या बीडकडं या दिवसांत मुकादमाची उचल वाटून झालेली असते आणि दारात ट्रॅक्टर यायला लागतात. मग पाच-सहा महिने घराला कुलूप. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात, बेळगाव-बागलकोटकडं.

मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मागं भांड्याकुंड्यांवर बसलेली दोन-तीन पोरं त्या हिशेबात येतच नाहीत. तिकडच्या शाळेला ती आल्याचं माहीत नसतं, इकडच्या हजेरीपटावर नुसती गैरहजेरी. फडात मात्र नऊ वर्षांची पोर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, कोपीवर भाकरी टाकते. त्याला काम म्हणायची आपल्याला सवयच नाही.

माझीच चूक सांगते. आमच्या गटातल्या एका ताईची लेक तिसरीत होती. ताई तिला घेऊन गेली. तिकडच्या शाळेत विचारलं, तर म्हणाले, दाखला आणा. तिनं मला फोन केला. मी बी.ए. झालेली, मलाही वाटलं, दाखल्याशिवाय कसं घेतील? मी म्हटलं, राहू दे, परत आल्यावर बघू. पोरीचे ते महिने कोपीत गेले. वाचायला येत होतं तेही विसरली.

कायदा मी नंतर वाचला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा झेडपीच्या शाळेत जायचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेणं ही तिथल्या स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, हेही त्यातच लिहिलंय. म्हणजे त्या दिवशी मी ताईला 'तिथंच बसून राहा' म्हणायला हवं होतं.

निघण्याआधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. पोर कितवीत आहे, हे त्यावरून तिकडच्या शाळेला कळतं. पोरगं सहाच्या आतलं असेल तर अंगणवाडीताईंना सांगून निघा. तिकडच्या अंगणवाडीतही त्याचा आहारावर हक्क आहे. रेशनचंही तसंच. कार्ड आधारला जोडलेलं असेल तर दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी कर्नाटकातही, अंगठा लावून धान्य मिळतं.

पण खरं सांगू? फडाजवळ शाळा असेलच असं नाही, आणि टोळीचा मुक्कामही हलत राहतो. म्हणून मला पोर गावात ठेवणं बरं वाटतं. त्यासाठी हंगामी वसतिगृह आहे. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी शाळेत दोन वेळचं जेवण आणि मुक्काम आजीकडं, असंच ते असतं. शाळा व्यवस्थापन समितीनं वेळेत मागणी करावी लागते. एका वर्षी आमच्याकडं जेवण सुरू व्हायला उशीर झाला, तोवर पोरं ट्रॅक्टरात बसून गेलीसुद्धा.

दिवस निघतो, अवघड असते ती रात्र. आजी थकलेली, पोर तेरा-चौदाची. आईचा जीव फडात थाऱ्यावर नसतो, आणि त्या घोरातच 'उजवून टाकू' हा विचार येतो. वर लग्न झालं की नवा कोयता तयार, मुकादमालाही तेच हवं. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, १०९८ ला फोन करता येतो, हे आपण सांगतोच. पण आईला धाक नको असतो, भरवसा हवा असतो. मागच्या हंगामात आमच्या गटातल्या दोघी पाळीपाळीनं अशा तीन घरी रात्री चक्कर मारायच्या आणि आठवड्यातून एकदा पोरीला आईशी फोनवर बोलायला द्यायच्या. तिघीही शाळेत आहेत.

मला विचाराल तर मुकादमाच्या करारातच पोरांची नावं लिहायला हवीत आणि कारखान्यानं ती जवळच्या शाळेला कळवायला हवीत. तसं होईल तेव्हा होईल. तोवर दोनशे पानी वही पुरते. पोराचं नाव, वय, इयत्ता, कुठल्या कारखान्याला जाणार, मागं कोण राहणार, मुकादमाचा नंबर. आमच्या गटाची बैठक शुक्रवारी आहे. बचत गोळा करण्याआधी ती वही भरणार आहोत.