सरडगुहिऱ्याचे डोळे

मंगरूळपीर, कारंजा, मानोरा ह्या भागांतील शेतांच्या धुऱ्यांवर जीं बाभळीचीं आणि बोरीचीं झाडें दिसतात, तशा झाडांवर राहणाऱ्या एका प्राण्याविषयीं, आणि त्यांतही केवळ त्याच्या डोळ्यांविषयीं, आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हा प्राणी म्हणजे सरडगुहिरा. इंग्रजींत यास कॅमेलियन म्हणतात. अंगणांतील कुंपणावर मान डोलावणारा आपला नेहमींचा सरडा तो हा नव्हे. ह्याची चाल मंद, शेंपूट फांदीला विळखा घालणारें, आणि पायांचीं बोटें चिमट्यासारखीं दोन बाजूंस जुळलेलीं. जगांत ह्याच्या दोनशेंहून अधिक जाती आहेत. पण भारतांत रानटी अवस्थेंत आढळणारी जात एकच, आणि तिला शास्त्रीय नांव लॉरेंटी यानें १७६८ सालीं दिलें.

ह्या गरीब प्राण्याच्या वाट्यास दोन प्रकारचे लोक येतात. एक, तो विषारी आहे अशा समजुतीनें त्याला दगडांनीं ठेंचणारे. दुसरे, त्याच्या रंगांचें कौतुक वाटून त्याला खोक्यांत घालून घरीं आणणारे. विषाची गोष्ट तर निखालस खोटी आहे. त्याच्यापाशीं विष मुळींच नाहीं. परंतु कौतुकानें आणणाऱ्यांच्या हातूनही तो बहुधा वांचत नाहीं, आणि ह्या दुर्दैवाची पहिली खूण पुष्कळदां त्याच्या डोळ्यांतच दिसते.

तें कां, हें समजण्यास त्या डोळ्याची रचना पाहिली पाहिजे. आपल्या पापण्या वर-खालीं उघडतात. सरडगुहिऱ्याच्या पापण्या एकमेकींस जुळून त्यांचा एक शंकु झालेला असतो, आणि त्याच्या टोंकाशीं बाहुलीपुरतें लहानसें छिद्र असतें. हा शंकु डोळ्याबरोबरच फिरतो. एक डोळा पुढें तर दुसरा मागें, एक आकाशाकडे तर दुसरा जमिनीकडे, असे दोन्ही डोळे स्वतंत्रपणें फिरूं शकतात; मान न हलवितां त्याला जवळजवळ सर्व दिशा न्याहाळतां येतात. सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं अ‍ॅरिस्टॉटलनेंही ह्या कातड्यानें झांकलेल्या व हवा तिकडे वळणाऱ्या डोळ्याचें वर्णन करून ठेवलें आहे.

परंतु खरी नवलाई शिकारीच्या वेळीं दिसते. किडा दृष्टीस पडतांच दोन्ही डोळे त्याच्यावर एकदम रोंखले जातात आणि मग जीभ सुटते. ही जीभ शेंपूट वगळून उरलेल्या शरीराच्या लांबीहूनही दूर जाऊं शकते. एवढ्या अंतरावरचा नेम कसा साधतो? १९७७ सालीं लिंडसे हार्कनेस यांनीं ह्या प्राण्याच्या डोळ्यांपुढें चष्म्याचीं भिंगें बसवून पाहिलीं, तों भिंगाच्या प्रकाराप्रमाणें जिभेचा नेम चुकूं लागला. ह्यावरून असें ठरलें कीं, किडा स्पष्ट दिसण्यासाठीं डोळ्याला जितका प्रयास पडतो, त्यावरूनच हा प्राणी अंतर ओळखतो. पुढें १९९५ सालीं ऑट आणि शेफेल यांनीं दाखविलें कीं, त्याच्या डोळ्यांतील भिंग किरण एकत्र आणणारें नसून फांकविणारें आहे. त्या योगें नेत्रपटलावर उमटणारें चित्र मोठें होतें. जणुं छायाचित्रकाराची दूरदृष्टि देणारी नळीच निसर्गानें तेथें बसविली आहे.

आतां विचार करा. ज्याचें सारें अन्न डोळ्याच्या ह्या सूक्ष्म मापावर अवलंबून आहे, त्याचा डोळा सुजला, चिकटला किंवा धूसर झाला तर काय होईल? कुत्रें आंधळें झालें तरी वासावर भाकरी शोधतें. सरडगुहिऱ्याला तो आधार नाहीं. त्याला दिसेनासें झालें कीं जीभ चुकते, जीभ चुकली कीं उपास पडतो, आणि उपासानें तो अधिकच अशक्त होतो. डोळ्याचें दुखणें हें त्याच्या बाबतींत पोटाचेंच दुखणें होय.

बाहेरच्या देशांत येमेनमधील आणि मादागास्करमधील जाती पाळण्याची चाल असल्यामुळें ह्या दुखण्यांचा तेथील पशुवैद्यांनीं बराच अभ्यास केला आहे. त्यांतून मुख्य कारणें निघालीं तीं अशीं. पहिलें, पाण्याचा तुटवडा. हा प्राणी बहुधा वाटींतलें पाणी पीत नाहीं. पानांवरचे थेंब चाटतो. खोक्यांत वाटी ठेवून मालक निश्चिंत होतो, आणि प्राण्याचे डोळे मात्र खोल जाऊं लागतात. दुसरें, 'अ' जीवनसत्त्वाची उणीव. रोज एकाच जातीचे किडे चारल्यानें ही उणीव पडते. मग डोळ्याचें अस्तर जाड होतें, पापणी फुगते आणि आंत खवल्यांसारखा मळ सांचतो. ह्यावर मनास येईल तितकें औषध पाजणेंही घातक, कारण हें जीवनसत्त्व अति झाल्यासही विषासारखें होतें. तिसरें, डोळ्यांत गेलेली धूळ, कुसळ किंवा कातीचा तुकडा. चौथें, जंतूंची बाधा. ही कधीं कधीं तोंडांतून डोळ्यापर्यंत पोंचते, म्हणून डोळा सुजला असतां तोंडही तपासावें लागतें. पांचवें, उष्णतेसाठीं वा अतिनील किरणांसाठीं लावलेला चुकीचा दिवा, ज्यानें बुबुळास भाजल्यासारखी इजा होते.

कोणत्या खुणांवरून सावध व्हावें? रात्रीं तो डोळे मिटून झोंपतो, हें स्वाभाविक आहे. अंगावर पाणी पडलें असतां तो डोळा फुगवून गरगर फिरवितो व फांदीस घांसतो. तेंही डोळा धुण्याचेंच कर्म होय. परंतु भर दिवसा एक किंवा दोन्ही डोळे मिटलेले राहणें, डोळा खोल जाणें, पापणीच्या छिद्रांतून पू दिसणें, जवळच्या किड्यावर वारंवार नेम चुकणें, ह्यांपैकीं एकही खूण दिसली तर दिवसा झोंपणारा प्राणी आळशी नसून आजारी आहे, असें निश्चित समजावें.

आणि येथें घरगुती उपायांचा मोह आवरला पाहिजे. मध, तुरटीचें पाणी, काजळ, हळद ह्यांतील कांहींही त्या छिद्रांत घालूं नये. माणसांच्या डोळ्यांचीं औषधेंही घालूं नयेत. त्यांपैकीं कित्येकांत स्टेरॉईड असतें, आणि बुबुळावर जखम असल्यास त्यानें ती चिघळते. नखानें पापणी उघडण्याचा यत्न तर कदापि करूं नये.

मग करावें काय? आपल्या देशीं ह्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानेंच सोपें केलें आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वयें आपल्या सरडगुहिऱ्यास संरक्षण आहे. त्याला पकडणें, पाळणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. कोणापाशीं परदेशी जात असल्यास, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिचीही नोंद सरकारदरबारीं करावी लागते. म्हणून निरोगी सरडगुहिरा दिसल्यास त्याला झाडावरच राहूं द्यावें. रस्त्याच्या मधोमध असल्यास काठीवर चढवून त्याच बाजूच्या झुडपांत सोडावें. जखमी अथवा डोळे मिटलेला आढळल्यास भोंकें पाडलेल्या खोक्यांत एक फांदी घालून सांवलींत, निवांत जागीं ठेवावें, फांदीवर पाण्याचे बारीक तुषार उडवावे, बळानें कांहीं चारूं नये, आणि वनखात्यास १९२६ ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. नागपुरास सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठीं संक्रमण उपचार केंद्रही आहे.

पिकावरचे टोळ आणि किडे वेंचणारा हा शेजारी शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. त्याचे डोळे शाबूत राहावे अशी खरी इच्छा असेल, तर सर्वांत स्वस्त औषध एकच: धुऱ्यावरची बाभूळ तोडूं नये, आणि तिच्यावरचा सरडगुहिरा खालीं उतरवूं नये.