सूत्रधाराविना शिस्त

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रुळाची लांबी व आकार माणसे आधी ठरवितात. कारखान्यापलीकडे धानाच्या शेतात अंकुर वाढतो, तेथे असा सूत्रधार नसतो. मग त्याच्या पेशी गोल न फुगता लांबच का होतात?

पेशीच्या पटलालगत, आतल्या बाजूस, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका असतात. लेडबेटर व पोर्टर यांनी १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांचे वर्णन केले. ट्यूब्युलिन या प्रथिनाचे रेणू टोकाला जोडले गेले की त्या वाढतात. रेणू सुटू लागले की झपाट्याने आखडतात. प्राण्यांच्या पुष्कळशा पेशींत त्या एका केंद्रापासून निघतात. धानासारख्या वनस्पतींत ते केंद्र नसते. नलिका पटलालगत विखुरलेल्या ठिकाणी उगवतात.

तरीही त्या समांतर होतात, त्या परस्परांच्या भेटीमुळे. वाढणारी नलिका दुसरीला लहान कोनात भेटली, तर वळून तिच्या सोबतीने चालू लागते. मोठ्या कोनात आदळली, तर पुष्कळदा आखडते किंवा तिला ओलांडून जाते. विसंगत नलिका अशा क्रमाक्रमाने गळतात व एक दिशा प्रबळ होते.

सेल्युलोज विणणारी यंत्रणा याच नलिकांच्या मार्गाने सरकते, हे २००६ साली प्रत्यक्ष दिसले. पिंपाच्या पट्ट्यांप्रमाणे आडवे बसलेले हे तंतू पेशीला रुंद होऊ देत नाहीत. म्हणून ती लांबते. कळलावीत आढळणारे कोल्चिसीन या नलिका मोडते, आणि लांबणारी पेशी फुगू लागते. धानाच्या ताठ रोपामागे हीच अदृश्य शिस्त उभी असते.