नागरिकत्व, विवाहाधारित
परकीय व्यक्तीस भारतीय नागरिकाशी झालेल्या विवाहाच्या आधारे नोंदणीद्वारा मिळू शकणारे नागरिकत्व. केवळ विवाहाने ते प्राप्त होत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मधील ही सोय मुळात स्त्रियांपुरती होती. १९८६ मध्ये ती पुरुषांनाही लागू झाली. सात वर्षांचे वैध वास्तव्य लागते : अर्जापूर्वीचे बारा महिने अखंड आणि त्यांआधीच्या आठ वर्षांत किमान सहा वर्षे. म्हणून जळगाव किंवा धुळे येथे नांदणाऱ्या परदेशी सुनेने जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज देण्यापूर्वीच्या वर्षात माहेरी जाणे टाळावे, हे इष्ट. विशेष परिस्थितीत तीस दिवसांपर्यंतचा खंड केंद्र शासन मान्य करू शकते. पूर्वी विधवेसही या तरतुदीचा लाभ होई. २००३ च्या सुधारणा अधिनियमाने विवाह अस्तित्वात असण्याची अट घातली. अर्जापूर्वीच पती निवर्तल्यास तिला सर्वसाधारणतः देशीयकरणाचा, एकूण बारा वर्षांच्या वास्तव्याचा मार्ग उरतो.