व्हिक्टोरियांतील वणवे व गांवकरी

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकास व्हिक्टोरिया नांवाचें राज्य आहे. तेथील खेड्यांत आग विझविण्याचें काम पगारी नोकरांचें नव्हे. शेतकरी, सुतार, दुकानदार, शिक्षक असे गांवकरीच तें विनावेतन करतात. गांवाच्या कडेला पत्र्याची एक शेड, तींत एक-दोन बंब आणि खुंट्यांवर टांगलेले पिवळे डगले, एवढाच बहुधा दलाचा संसार. भोंगा किंवा पेजर वाजला कीं हातचें काम टाकून माणसें धांवतात. ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ या संस्थेखालीं अशीं सुमारें १,२०० दलें आहेत.

गांवोगांवचीं हीं दलें जुनीं. परंतु त्यांस एका शिस्तीखालीं आणलें तें संकटानें. १३ जानेवारी १९३९ रोजीं, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यांत, वणव्यांनीं कळस गांठला. त्यांत ७१ माणसें दगावलीं. न्यायमूर्ति स्ट्रेटन यांनीं चौकशी केली. बहुतेक आगी माणसांच्याच हातून लागल्या होत्या, असें त्यांस आढळलें. पुढें १९४५ मध्यें ही संस्था कामास लागली.

शहरांतील बंबास रस्त्यावरच नळ मिळतो. रानांतील बंबास आपलें पाणी आपणच वाहून न्यावें लागतें, आणि तें साधारणतः २,००० ते ४,००० लिटर. नळी पूर्ण जोरानें सोडली तर कांहीं मिनिटांतच टाकी रिकामी. उलट तेथील रान म्हणजे मुख्यतः नीलगिरीचें. पानांत तेल आणि खोडावर लोंबणारी सुकी साल! पेटलेल्या सालीचे तुकडे वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर पुढें जाऊन पडतात व तेथें नवी आग सुरू होते. म्हणून अशा वणव्याच्या तोंडासमोर उभें राहून पाणी मारणें हें शौर्य नव्हे, अविचार होय. जाणतें दल जळून गेलेल्या मागच्या बाजूनें शिरतें आणि वणव्याच्या दोन्ही कुशी दाबीत पुढें सरकतें.

खरा धोका वाऱ्याच्या वळण्यांत असतो. व्हिक्टोरियाच्या उत्तरेस खंडाचा तप्त, कोरडा प्रदेश आहे. तिकडून वारा आला कीं वणवा दक्षिणेकडे लांबट पट्ट्यासारखा धांवतो. त्याचें तोंड अरुंद, कुशी मात्र मैलोगणती लांब. संध्याकाळच्या सुमारास बहुधा समुद्राकडून थंड हवेची लाट येते आणि वारा थोड्याच वेळांत नैऋत्येकडून वाहूं लागतो. लोकांस वाटावें, आतां गारवा आला, संकट टळलें. प्रत्यक्षांत वणव्याची सबंध पूर्वेकडील कूस एकदम त्याचें तोंड बनते! त्या बाजूच्या न जळलेल्या रानांत जीं माणसें असतील तीं सांपडलीं.

१६ फेब्रुवारी १९८३ रोजीं अप्पर बीकन्सफील्ड येथें १२ स्वयंसेवक असेच दगावले. २ डिसेंबर १९९८ रोजीं लिंटन गांवाजवळ वारा फिरला आणि एका बंबावरील पांचही स्वयंसेवक गेले.

लिंटननंतर पाण्याच्या हिशेबाचा नियम कडक झाला. आग कितीही खुणावीत असो, टाकींतील ठराविक पाणी खर्च करावयाचें नाहीं; तें बंबावरील माणसांसाठीं. ज्वाला अंगावर आल्याच तर माणसें बंबांत शिरून अंगावर जाड लोंकरी कांबळीं ओढतात आणि त्या राखीव पाण्याचे तुषार बंबाभोंवतीं सोडतात. एखाद्याचें घर डोळ्यांदेखत पेटत असतां नळी बंद करणें किती कठीण! तें घर बहुधा शेजाऱ्याचेंच असतें. अशा वेळीं दलनायकाच्या शब्दास किंमत येते, आणि तो नायक एरव्हीं त्याच गांवचा वाणी किंवा गवळी असूं शकतो.

ज्वाला शमल्यावर वर्तमानपत्रांतून वणवा नाहींसा होतो. गांवकऱ्यांचें काम मात्र पुढें कित्येक दिवस चालतें. पोकळ खोडांत व जमिनीखालच्या मुळ्यांत निखारे धुमसत असतात. हाताची मागील बाजू जवळ नेऊन ऊब चांचपावयाची, फावड्यानें माती उकरावयाची, थोडें पाणी घालावयाचें, पुन्हां चांचपावयाचें. हें काम कंटाळवाणें खरें; पण दुसऱ्या दिवशीं वारा सुटला आणि एखादा ओंडका राहून गेलेला असला, तर तेवढ्यावरून पुन्हां रान पेटतें. बंब शेडींत परतला कीं नळ्या सुकविण्याआधीं टाकी भरून घेतात. मग माणसें गुरांचें दूध काढावयास घरीं जातात.